चर खोदताना कायद्याचे मौन

प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ मध्ये २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर क्षेत्र प्रतिबंधित व त्यापलीकडील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित ठरविले. तथापि, याच दुरुस्तीतील ‘बांधकाम’ या संज्ञेची व्याख्या चिकित्सकपणे वाचली पाहिजे. सार्वजनिक पाणीपुरवठा, गटारे व वीजवितरण यांची कामे त्यातून वगळली आहेत. म्हणजे भिंतीस मनाई. जमिनीच्या पोटात जाणारा चर मात्र मोकळा. यादीबाहेरील कब्रस्तानांना तर हे अंतरही लागू नाही.

अचलपूरसारख्या नगरीत ही उणीव गंभीर ठरते. इमादशाहीची (१४९०–१५७४) ही राजधानी. दुल्हा रहमान शाह यांचा दर्गा व जुनी दफनस्थाने यांच्या सान्निध्यात आजची वस्ती नांदते. दफनाचा पुरावा अस्थींत असतो, तितकाच खड्ड्याची कड, त्यातील भराव व देहाची दिशा यांतही असतो. यंत्राने चर खणून बुजविला की तो कायमचा नष्ट होतो. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ हा १० रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची खबर मागतो. अस्थी त्या मापात बसत नाहीत.

ही सूट सर्वस्वी अयोग्य नव्हे. अमरावती-अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात नळाचे पाणी ही जीवनावश्यक गरज आहे. म्हणून चर अडविणे हा उपाय नसून, चराकाठी जाणकार अभ्यासक उभा करणे हा उपाय आहे. इंग्लंडमध्ये १९९० नंतर अशी देखरेख नियोजनप्रक्रियेचा भाग झाली. येथेही निविदेत तशी अट घालता येईल. संबंधित समाजाच्या संमतीने हे नोंदकाम करण्यास महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी पुढे यावे.