सिंदबाद आणि हमाल

साहसकथा वाचताना वाचक स्वतःला नायकाच्या जागी पाहतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलवर टांग टाकतो, तेव्हा फुरसुंगीचा तो बनेश आपणच असतो. नायकाचा मित्र, वाटाड्या, सामान वाहणारा गडी यांच्या जागी आपण सहसा जाऊन बसत नाही. प्रत्यक्ष आयुष्यात मात्र आपल्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला हीच कामे येतात. हा प्रश्न मनात घेऊन आम्ही सिंदबादच्या सात सफरी पुन्हा वाचल्या.

‘अलिफ लैला’तली ही दास्तान समुद्रावर नव्हे, बगदादच्या एका गल्लीत सुरू होते. उन्हाने थकलेला एक हमाल श्रीमंताच्या दारात ओझे उतरवून बसतो आणि नशिबाची तक्रार करतो. घरधनी त्याला आत बोलावतो, जेवू घालतो, आपल्या सफरी ऐकवतो आणि रोज शंभर मोहरा देऊन घरी पाठवतो. युरोपीय रूपांतरांतून आलेल्या पाठात या हमालाचे नाव हिंदबाद आहे. प्रचलित अरबी पाठात मात्र त्याचेही नाव सिंदबादच आहे. एक सिंदबाद बहरी, दुसरा सिंदबाद हम्माल. मराठीतला ‘हमाल’ हा शब्दही त्याच अरबी ‘हम्माल’वरून आलेला आहे.

नाव एकच, भूमिका दोन. पुढे तर एकाच माणसाच्या भूमिका बदलत जातात. चौथ्या सफरीत सिंदबादला मृत पत्नीबरोबर भुयारात सोडले जाते. तिथे जगण्यासाठी तो नंतर उतरवलेल्या निरपराध माणसांना ठार करून त्यांचे अन्नपाणी घेतो. इथे नायक आणि खलनायक एकच आहे. पाचव्या सफरीत समुद्रावरचा म्हातारा त्याच्या खांद्यावर बसतो आणि उतरायला तयार होत नाही. तेव्हा सफरी सिंदबादच हमाल होतो. मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांत म्हातारा सहसा राहतो, भुयारातल्या हत्या गाळल्या जातात. नायक स्वच्छ होतो आणि पात्रांचे ठरीव साचे तेवढे उरतात.

या साच्यांचा आमच्याशी थेट संबंध आहे. मराठी ऐतिहासिक साहसकथेत मुसलमान पात्राला बहुधा दोनच जागा मिळाल्या आहेत. एक क्रूर सरदाराची, दुसरी इमानी सेवकाची. पहिलीबद्दल आपण तक्रार करतो, दुसरीने सुखावतो. पण इमानी सेवकालाही स्वतःचे घर, भीती, हेतू क्वचितच असतात. धन्याने पाठ थोपटली की त्याची कथा संपते. शिवछत्रपतींच्या आरमारातील दौलतखान १६७९ मध्ये खांदेरीच्या पाण्यात इंग्रजांशी लढला. कोकणच्या समुद्रावरील या दर्यावर्द्याला नायक करून लिहिलेली, मुलांच्या हाती द्यावी अशी मराठी साहसकथा आमच्या वाचनात नाही. ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या खलाशी, तांडेल, सारंग झाले, त्या कोकणी मुसलमान घरांतल्या मुलांनाही समुद्राची गोष्ट बगदादहून मागवावी लागते.

आम्ही नवी मुंबईत राहतो. वाशी-तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पहाटे ट्रक लागतात आणि कांद्याच्या, मिरचीच्या गोणी पाठीवरून, डोक्यावरून उतरू लागतात. इथे सिंदबाद हम्माल रोज भेटतो. मात्र तो कोणा श्रीमंताच्या दारात नशिबाला दोष देत बसलेला नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली हमाल संघटित झाले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी यांची तरतूद त्या कायद्याने केली. कायदा झाला म्हणून पाठीवरचे ओझे हलके झाले नाही, आणि कायदा टिकवण्यासाठी आजही भांडावे लागते. पण दास्तानीतल्या हमालाला जे बक्षीस म्हणून मिळाले, ते इथल्या हमालाने हक्क म्हणून मागितले.

दास्तानीची मर्यादा आम्हाला इथे दिसते. सिंदबाद उदार आहे, हमालाला तो भाऊ मानतो, शेजारी बसवतो. तरीही सातही दिवस बोलतो तो एकटाच. हमालाच्या तोंडी सुरुवातीची तक्रार येते, नंतर आभार. त्याने आयुष्यभर काय वाहिले, कोणाचे वाहिले, घरी कोण वाट पाहत होते, हे त्याला कोणी विचारत नाही.

साहित्यात आम्हाला मिळणाऱ्या कौतुकाचेही अनेकदा असेच होते. चांगला मुसलमान रंगवला म्हणून लेखकाचे आभार मानण्यात आमची बरीच शाई खर्च झाली आहे. ते आभार खोटे नव्हते, पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे मोहरा घेऊन घरी जाणे. नायकाचीच खुर्ची हवी असा आमचा हट्ट नाही. चौथ्या सफरीतल्या सिंदबादसारखे चुकणारे, घाबरणारे, अपराधही करणारे माणूस म्हणून आमचे पात्र लिहिले जावे, आणि ते लिहिण्याचे काम आधी आम्हीच हाती घ्यावे. आठव्या दिवशी हमालाने सांगायला सुरुवात करायला हवी.