‘पास’ : एका आंग्ल शब्दाचा मराठी प्रपंच

कणकवलीच्या एस. टी. स्थानकावर विद्यार्थी पास काढतो. वर्षाअखेर तोच पास होतो. कचेरीत कंत्राटदाराचे बिल पास होते. आणि महामार्गावर एम. एच. ०७ पासिंगची गाडी दिसली की ती सिंधुदुर्गची हे कोणीही सांगतो. ह्या सर्वांना एकच आंग्ल शब्द मानून त्याला एकच प्रतिशब्द शोधण्याची रीत भाषाशुद्धीच्या चर्चेत रूढ झाली. सावरकर १९२४ पासून रत्नागिरीत स्थानबद्ध होते. तेथून त्यांनी ह्या चळवळीचा पुरस्कार केला, तेव्हा कणकवली त्याच जिल्ह्यात होती. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला.

‘उत्तीर्ण’ हा शब्द वाईट नव्हे. ‘तृ’ धातूमुळे त्यात पैलतीराला जाण्याची कल्पना आहे, आणि गड व जानवली ह्या नद्यांच्या गावाला ती परकी वाटू नये. परंतु तो केवळ परीक्षेपुरता चालतो. उत्तीर्ण काढता येत नाही, बिल उत्तीर्ण होत नाही. इतरत्र ‘परवाना’ व ‘मंजूर’ सुचवावेत, तर पहिला फारसी, दुसरा अरबी. म्हणजे शुद्धी कशाची, हा प्रश्न उरतोच.

वस्तुतः विचार व्हावयास हवा तो रचनेचा. ‘पास होणे’ अकर्मक असूनही ‘तो मॅट्रिक पास झाला’ असे कर्मासारखे पद जवळ घेते. ‘पास करणे’ दुहेरी आहे : मुलगी परीक्षा पास करते, आणि परीक्षक मुलीला पास करतो. ‘दहावी पास’ हे तर नामानंतर येणारे विशेषणच. ‘टाइमपास’मध्ये कर्म आधी व क्रिया मागून, हा क्रम मराठीचा आहे. ‘नापास’ सर्वांत बोलका : नालायक, नाराज ह्यांतील फारसी उपसर्ग आंग्ल शब्दाला लागला, आणि ‘फेल’ हा शब्द बहुधा ब्रेककडे व यंत्राकडे गेला.

मालवणीत आणखी एक गंमत आहे. ‘झील पास झालो’ हे तृतीय पुरुषी पुल्लिंगी वाक्य. प्रमाण मराठीच्या वाचकाला ‘झालो’ प्रथम पुरुषी वाटेल. ‘चेडू पास झाला’ येथे नपुंसकलिंगी रूप आहे, तेही बाहेरच्याला पुल्लिंगी भासते. ‘पास’ मात्र दोन्हीकडे अविकृत राहतो. लिंगवचनाचा सारा भार बोलीने आपल्या क्रियापदावर घेतला आहे. ‘एस. टी. चो पास’ म्हणताना तोच शब्द पुल्लिंगी नाम होतो आणि षष्ठीचा प्रत्ययही मालवणीच लागतो.

कोशात ह्या शब्दाखाली केवळ ‘उत्तीर्ण, परवाना’ एवढेच लिहिणे म्हणून अपुरे आहे. नाम, क्रियाविशेष्य घटक, उत्तरपद व ‘ना’युक्त रूप अशा चार नोंदी हव्यात, आणि प्रत्येकीखाली बोलीतील वाक्य. निबंधातील ‘पास’ शब्दाखाली लाल रेघ ओढणाऱ्या शिक्षकानेही प्रथम पाहावे, की विद्यार्थ्याने ह्यांपैकी कोणता ‘पास’ लिहिला आहे.