पाडलेल्या घराचे तारण

घर पाडून पुन्हा बांधण्यासाठी कर्ज काढणे मुंबईला नवे नाही. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कर्जरोख्यांतून पैसा उभारूनच दाट वस्त्या पाडल्या, रस्ते काढले, चाळी बांधल्या. ट्रस्टवरचा मुख्य आक्षेप असा होता, की पाडणे झपाट्याने झाले आणि बांधणे मागे राहिले. बेघर झालेली माणसे आधीच गच्च भरलेल्या शेजारच्या चाळींत शिरली. रोख्यांचा हिशेब ट्रस्टकडे होता. या मधल्या काळाचा हिशेब मात्र कोणाच्याच वहीत नव्हता.

आजच्या स्वयंपुनर्विकासाच्या कर्जयोजना तपासताना नेमकी हीच जागा रिकामी दिसते. विकासक न नेमता सोसायटीनेच कर्ज काढायचे, कंत्राटदार नेमायचा, वाढीव चटईक्षेत्रातली घरे विकून कर्ज फेडायचे, अशी ही कल्पना. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने त्यात पुढाकार घेतला. १३ सप्टेंबर २०१९च्या शासननिर्णयाने व्याजात ४ टक्के सवलतीची तरतूद केली. जून २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने जिल्हा बँकांना निवासी बांधकाम प्रकल्पांसाठी कर्ज देण्याची मुभा दिली; मात्र गृहकर्जांसह ही रक्कम बँकेच्या एकूण मालमत्तेच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवली. नफा सभासदांकडेच राहावा हे तत्त्व योग्य आहे. प्रश्न जोखमीच्या वाटणीचा आहे.

बँकेला तारण मिळते: जमीन आणि विक्रीची घरे. रहिवाशाचे तारण म्हणजे त्याचे जुने घर, आणि ते तर पहिल्याच दिवशी पाडले जाते. गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबे होती. २००८ साली करार झाला, घरे पाडली गेली, पुढे भाडे बंद झाले आणि काम रखडले. माणसे वर्षानुवर्षे भाड्याच्या खोल्या बदलत राहिली. तिथे विकासक होता, स्वयंपुनर्विकासात तो नसतो, असे उत्तर यावर दिले जाते. ते अपुरे आहे. विकासक गेला की त्याची लबाडी जाईल, विलंब जाणार नाही. आणि त्या विलंबाचा बोजा आता थेट सभासदांवर येईल.

हा बोजा किती, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. सभासद ४०, कर्ज २० कोटी, व्याज १२ टक्के. सगळे कर्ज उचलल्यानंतर काम एक वर्ष रखडले, तर व्याज २ कोटी ४० लाख. दरमहा ३० हजारांप्रमाणे ४० कुटुंबांचे भाडे १ कोटी ४४ लाख. एकूण ३ कोटी ८४ लाख, म्हणजे घरटी ९ लाख ६० हजार. ४ टक्क्यांची सवलत हाती पडली तरी त्यातले ८० लाखच भरून निघतात. सवलत दरावर दिली आहे, खरा खर्च मात्र मुदतीत आहे.

म्हणून योजनेची रचना मुदतीभोवती हवी. घर रिकामे करण्याआधी बांधकामाची परवानगी आणि संपूर्ण कर्जमंजुरी हातात असावी. अपेक्षित काळाचे आणि वर एका वर्षाचे भाडे व व्याज मूळ कर्जातच धरून वेगळ्या खात्यात ठेवावे. महापालिकेने वाढीव चटईक्षेत्राचे अधिमूल्य भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी घ्यावे, आणि परवानगीची मुदत तिच्याकडून टळली तर त्या काळाचे व्याज तिने सोसावे. यामुळे कर्ज फुगेल, अशी हरकत बँका घेतील. कर्ज फुगेल हे खरे, पण हा खर्च नव्याने निर्माण होत नाही. आज तो रहिवाशाच्या खिशात दडलेला आहे, तो कागदावर येईल इतकेच.

एवढे करूनही एक मोठा वर्ग बाहेर राहतो. कर्जाला जमीन गहाण हवी, त्यासाठी अभिहस्तांतरण हवे. २००८च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट सोसायट्यांना मिळाली. दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींमधल्या पागडीच्या भाडेकरूंकडे गहाण ठेवायला जमीनच नाही. १९६९च्या कायद्याने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ याच इमारतींसाठी निर्माण केले होते. त्यांतली अनेक कुटुंबे संक्रमण शिबिरात तात्पुरती म्हणून गेली आणि तिथेच त्यांची दुसरी पिढी वाढली. ज्यांची घरे सर्वांत जुनी, त्यांच्यासाठीच ही योजना नाही. त्यांना शासनाच्या हमीवाचून कोणतीही बँक दारात उभी करणार नाही.

सोसायटीच्या सभेत नव्या घराचे क्षेत्रफळ किती, हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याआधी विचारायला हवे: काम थांबले, तर पुढच्या महिन्याचे भाडे कोण भरणार, आणि ते पैसे आज कोणत्या खात्यात आहेत? याचे लेखी उत्तर मिळेपर्यंत चावी देऊ नये.