एकाच खेळाचे दोन डाव

गाजलेल्या नाटकाचा चित्रपट होणे यात नवल ते काय? परंतु त्याच नाटकाचा पस्तीस वर्षांनी पुन्हा एकदा चित्रपट निघावा, आणि पहिल्या वेळी तरुण प्रतिस्पर्धी झालेला नटच दुसऱ्या वेळी वृद्ध प्रतिस्पर्धी होऊन समोर यावा, असा योग विरळाच. अँथनी शॅफर यांच्या 'स्लूथ' या इंग्रजी नाटकाच्या वाट्याला तो आला. १९७२ साली जोसेफ मँकिएविझ यांनी लॉरेन्स ऑलिव्हिए व मायकेल केन यांना घेऊन त्यावर चित्रपट केला. २००७ साली केनेथ ब्रॅना यांनी तो नव्याने केला, तेव्हा ऑलिव्हिएंच्या जागी केन आले आणि केनच्या जागी ज्यूड लॉ. हे दोन्ही चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, असे आम्हांस फार दिवस वाटत होते. रहस्यकथेचे रहस्य फोडणे हा अपराध खरा, पण ते फोडल्यावाचून या विषयावर बोलताच येत नाही; तेव्हा वाचकांनी तेवढा क्षमस्व मानावा.

मूळ नाटक १९७० च्या फेब्रुवारीत लंडनच्या सेंट मार्टिन्स नाट्यगृहात आले, त्याच वर्षी न्यूयॉर्कला गेले, आणि तेथे त्याचे बाराशेहून अधिक प्रयोग झाले. लेखकाचे जुळे बंधू पीटर शॅफर यांनी पुढे सालिएरी आणि मोझार्ट यांच्यावर 'अमेडिअस' लिहिले. दोन पुरुषांचे वैर हा जणू या घराण्याचा वंशपरंपरागत विषय!

कथा थोडक्यात अशी. अँड्र्यू वाइक हा श्रीमंत रहस्यकथालेखक. त्याची पत्नी मायलो टिंडल या तरुणाच्या प्रेमात आहे. अँड्र्यू मायलोला घरी बोलावतो आणि एक सौदा मांडतो : माझ्याच घरातले दागिने चोर, तुला पैसा मिळेल, मला विम्याची रक्कम मिळेल. मायलो भुलतो. मग अँड्र्यू पिस्तूल रोखून त्याला गयावया करायला लावतो आणि गोळी झाडतो. पुढे एक पोलीस निरीक्षक चौकशीस येतो. गोळी खोटी होती आणि तो निरीक्षक म्हणजे वेषांतर केलेला मायलोच आहे, हे उघड होते, आणि तेथून सूडाचा तिसरा डाव सुरू होतो.

१९७२ च्या चित्रपटाचे मर्म आमच्या मते रहस्यात नाही, अपमानात आहे. मायलोचे वडील इटलीहून आलेले. मूळचे टिंडोलिनी हे आडनाव छाटून त्यांनी टिंडल केले. मायलो स्वतः केशकर्तनालये चालवतो. अँड्र्यूच्या कथांमधला गुप्तहेर खानदानी उमराव, आणि अँड्र्यूच्या लेखी जगही तसेच : वर उमराव, खाली नोकरचाकर. म्हणूनच तो मायलोला चोरीसाठी विदूषकाचे कपडे चढवायला लावतो. आपली पत्नी नेणाऱ्याला मारणे त्याला पुरेसे वाटत नाही, त्याला आधी हास्यास्पद करायचे असते. जिवाच्या भीतीने रडणारा विदूषक हे दृश्य केनने अशा सच्चेपणाने केले आहे की, ऑलिव्हिएंसारख्या महानटापुढेही आपली नजर त्याच्यावरून हलत नाही. केनचे वडील लंडनच्या मासळीबाजारात हमाल, तर ऑलिव्हिए 'लॉर्ड'. चित्रीकरणाआधी ऑलिव्हिएंनी आपल्याला नावाने हाक मारण्याची मुभा पत्राने दिली, असे केनने पुढे सांगितले आहे. पटकथेतली भिंत अशी पडद्यामागेही उभी होती.

निरीक्षकाच्या वेषांतराची बातमी फुटू नये म्हणून श्रेयनामावलीत चक्क खोट्या नटांची नावे घातली होती. ही युक्ती गमतीची खरी, पण ती एकदाच चालते. २००७ च्या प्रेक्षकाला गुपित ठाऊक असण्याचा संभव मोठा. मग नव्या चित्रपटाने काय करावे?

हॅरॉल्ड पिंटर यांनी त्याचे उत्तर शोधण्याचा प्रामाणिक यत्न केला आहे. त्यांनी १३८ मिनिटांची कथा दीड तासाच्या आत आवळली, संवाद जवळजवळ सगळे नवे लिहिले. यांत्रिक बाहुल्यांनी आणि खेळांनी भरलेले ते जुने घर गेले. बाहेरून सरदारी वाडा आणि आत काच, पोलाद, उद्वाहक व जागोजागी टेहळणीचे कॅमेरे, असे घर आले. पहिली काही मिनिटे तर पात्रे आपल्याला त्या कॅमेऱ्यांतूनच दिसतात. कल्पना उत्तम आहे. मात्र घराबरोबर वर्गभेदाची धारही पातळ झाली. येथला मायलो बेकार नट आहे. त्याच्या इटालियन रक्तावर शेरे मारले जातात, पण ते बोचत नाहीत, कारण हा अँड्र्यूदेखील कुठल्या उच्च कुळातला वाटत नाही.

आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांनी शॉ यांचे 'पिग्मॅलियन' मराठीत आणून 'ती फुलराणी' केले, तेव्हा लंडन गेले, इंग्रजी उच्चार गेले. पण बोलीवरून माणसाची पायरी ठरवण्याची वृत्ती आपल्याही समाजात होती, म्हणून नाटकाचे दुखणे शाबूत राहिले. 'स्लूथ'च्या नव्या रूपात भाषा तीच, देश तोच, आणि दुखणे मात्र हरवले. त्याच्या जागी पिंटर यांनी एकाकीपणा आणला. शेवटच्या भागात अँड्र्यू मायलोला आपल्याकडेच राहण्याची गळ घालतो. हा खेळ आहे की याचना, हे कळू नये अशा स्वरात केन ते बोलतो, आणि चित्रपटातले सर्वांत खरे क्षण आम्हांस तेथे सापडले. दुर्दैव असे की, त्या वळणाला विस्तारायला वेळच ठेवलेला नाही. लॉ यांचा चिडवण्याचा अभिनयही फार भडक झाला आहे. पाहता पाहता गोळी सुटते, आणि मायलो उद्वाहकात कोसळतो.

एक गोष्ट दोन्ही चित्रपटांत खटकते. जिच्यावरून हे सारे रण माजते, ती पत्नी धडपणे समोर येतच नाही. तिचे मन कोणी विचारत नाही. दोघे पुरुष तिच्याविषयी जमिनीच्या तुकड्याविषयी बोलावे तसे बोलतात. जुन्या चित्रपटात त्या निष्ठुरपणाची निदान थट्टा तरी होते. नव्याने ती थट्टाही सोडून दिली आहे.

जुन्याच्या शेवटी मरणारा मायलो कळ दाबतो आणि घरातल्या सगळ्या बाहुल्या एकदम हलू-हसू लागतात. दाराशी पोलीस आलेले असतात. कुटुंबात बसून पाहावयाचा असेल तर हाच चित्रपट निवडावा, तोही जाणत्या मुलांसह. २००७ च्या चित्रपटात शिवराळ भाषा बरीच आहे, आणि पिंटर यांनी काय गाळले हे कळण्यासाठी तो तसाही नंतरच पाहिलेला बरा.