श्राव्य माहितीपटातील वास्तव : ध्वनीची वजाबाकी आणि बेरीज

श्राव्य माहितीपटाच्या समीक्षेत ‘वास्तव’ ही संज्ञा बहुधा गृहीत धरली जाते. जागेवर मुद्रित झालेला आवाज खरा आणि संपादनात बदललेला खोटा, अशी ढोबळ विभागणी तिच्यामागे असते. ही विभागणी टिकणारी नाही. कारण मायक्रोफोन कोठे ठेवायचा, या पहिल्या निर्णयातच निवड आलेली असते.

बेंगळुरूमधील एचएसआर लेआउटचे उदाहरण घेता येईल. होसूर-सर्जापूर रोड या शब्दांची आद्याक्षरे धारण करणाऱ्या या वसाहतीलगत आगरा तलाव आहे व त्याच्याजवळूनच बाह्य वळणरस्ता जातो. तलावाकाठच्या ध्वनिमुद्रणात पाखरांबरोबर वाहनांची घरघरही येणारच. तिचा मोठा भाग खालच्या कंप्रतांमध्ये असल्याने फिल्टर लावून ती पुष्कळशी उणी करता येते. बोलणाऱ्याचे शब्द कळावेत यासाठी एवढे करणे समर्थनीय ठरेल. मात्र तलाव निवांत भासावा म्हणून ती पुसली, तर जिचे नावच रस्त्यांवरून पडले त्या वसाहतीच्या चित्रणातून रस्ताच वजा होतो.

वजाबाकीप्रमाणे बेरीजही तपासावी लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांपैकी अनेकींचे ध्वनिमुद्रण बर्नार्ड बेल यांनी केले. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर हा ठेवा उपलब्ध झाला आहे. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि ओवी दळणाच्या कामापासून सुटी झाली. जात्याविना गायिलेल्या ओवीखाली दुसरीकडची घरघर घातली, तर श्रोत्यास ती अधिक अस्सल वाटेल. परंतु बाईच्या श्रमात घडलेल्या स्थित्यंतराचा पुरावा तिच्याखाली बुजून जाईल.

म्हणून फेरफार सर्वस्वी त्याज्य ठरतो असे नाही. ग्लेन गूल्ड यांनी १९६७ साली कॅनडाच्या नभोवाणीसाठी केलेल्या ‘द आयडिया ऑफ नॉर्थ’मध्ये निरनिराळ्या व्यक्तींची बोलणी एकमेकांवर रचली आहेत. ती रचना उघडपणे ऐकू येते. त्यामुळे ती माणसे एकत्र बसून बोलत आहेत, असा भ्रम श्रोत्यास होत नाही.

तात्पर्य, आवाज बदलला की नाही यापेक्षा त्या बदलामुळे श्रोत्याचा कोणता समज झाला आणि तो वस्तुस्थितीला धरून आहे काय, ही कसोटी समीक्षेने लावली पाहिजे.