‘नोट्स ऑन नर्सिंग’ : निरीक्षण तिचे, निर्णय कोणाचा?

परिचारिका पुराव्यावर आधारित शुश्रूषेला तयार आहेत का, हे तपासणाऱ्या प्रश्नावल्या आता बऱ्याच निघतात. त्यांत तिचे ज्ञान, वृत्ती, आत्मविश्वास यांना गुण दिले जातात. हा प्रश्न मनात ठेवून मी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे ‘नोट्स ऑन नर्सिंग’ (१८५९) पुन्हा वाचले, आणि तयारी नेमकी कोणाची तपासायची, अशी शंका आली.

पुस्तकाचा गाभा म्हणजे रुग्णाच्या निरीक्षणावरचे प्रकरण. ‘रात्र बरी गेली का?’ हा प्रश्न नाइटिंगेल निकामी ठरवतात. कारण एकाची ‘बरी’ ती दुसऱ्याची ‘वाईट’. किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी, हे विचारा, असे त्यांचे सांगणे. एवढ्याशा बदलाने समजूत बाजूला होते आणि तुलना करता येईल अशी नोंद हाती येते. पुराव्याची सुरुवात मला इथे दिसते, रुग्णाच्या उशाशी.

या आग्रहामागे स्कुटारीचा अनुभव आहे. नोव्हेंबर १८५४ मध्ये त्या तिथे पोहोचल्या, तरी त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. मार्च १८५५ मध्ये आलेल्या सॅनिटरी कमिशनने गटारे उपसली, हवा खेळती केली, आणि मृत्यू झपाट्याने घटले. मायदेशी परतल्यावर विल्यम फार यांच्यासह आकडे मांडले, तेव्हा नुसत्या सेवेची मर्यादा त्यांच्यापुढे उघडी पडली. आपल्याविरुद्ध जाणारा पुरावा स्वीकारण्याची ही तयारी मला त्यांच्या दिव्याच्या दंतकथेहून मोठी वाटते.

पण पुस्तकात एक फटही आहे. परिचारिकेने अचूक पाहावे आणि डॉक्टरांना मत न सांगता वस्तुस्थिती सांगावी, अशी त्यांची अपेक्षा. त्या स्वतः मात्र आकड्यांवरून निष्कर्ष काढत होत्या आणि सरकारशी भांडत होत्या. जो अधिकार त्यांनी स्वतः वापरला, तो पुस्तकातल्या परिचारिकेला दिला नाही. पुस्तक मुळात घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्या सर्वसामान्य स्त्रियांसाठी होते, हे मान्य. तरी कामाची ही वाटणी रुग्णालयांत मुरली.

ती अजून टिकून आहे. शिरेतली सलाईनची नळी ठरावीक दिवसांनी बदलावी, असा जुना रिवाज. क्लेअर रिकार्ड या नर्सिंगच्याच प्राध्यापिकेने ऑस्ट्रेलियात ३,२८३ रुग्णांवर केलेली चाचणी २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. नळी नेमाने बदलली काय आणि गरज पडल्यावर बदलली काय, शिरेला सूज येण्याचे प्रमाण दोन्ही गटांत ७ टक्केच होते. मात्र ‘गरज पडल्यावर’ म्हणजे रोज जागा पाहून कोणीतरी ठरवायचे.

आईच्या आजारपणात मी हेच पाहिले. नळी व्यवस्थित चालू होती. सिस्टर म्हणाल्या, “मलाही वाटतं राहू द्यावी, पण तक्त्यावर तीन दिवस लिहिलेत, काका.” आईला पुन्हा चार वेळा टोचावे लागले.

त्या सिस्टरना प्रश्नावलीत किती गुण मिळाले असते कोण जाणे. त्यांनी पाहिले होते, ताडलेही होते. कमी होती ती निर्णयाच्या मुभेची. प्रश्नावली एकदा तक्ता लिहिणाऱ्यांकडूनही भरून घ्यायला हवी.