चौदा वर्षं थांबणारा निर्माता

पिक्चर संपला की श्रेयनामावली कोणी वाचत नाही. आनंद पटवर्धनांच्या डॉक्युमेंटरींची मात्र वाचावी. कॅमेरा, संकलन, दिग्दर्शन, निर्मिती अशा ओळी येतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांपुढे एकच नाव असतं. पहिल्या तीन कामांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. चौथ्याबद्दल एवढंच म्हणतात की ते ‘स्वतंत्र’ फिल्ममेकर आहेत, आणि पुढे जातात. मला वाटतं, पन्नास वर्षांच्या या कारकिर्दीची किल्ली त्या चौथ्या ओळीत आहे.

निर्माता म्हणजे पैसे लावणारा शेठ, असं आपल्या डोक्यात बसलंय. डॉक्युमेंटरीत निर्मात्याच्या हातात तीन निर्णय असतात. फिल्म कधी पूर्ण झाली, हे कोण ठरवणार? कापा म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? आणि फिल्म आधी कोणाला दाखवायची? पटवर्धनांनी हे तिन्ही निर्णय दुसऱ्याला जवळपास कधीच दिले नाहीत. त्यांच्या फिल्म पटोत न पटोत, या तीन निर्णयांचा हिशेब आपण वऱ्हाडातल्या लोकांनी नीट मांडायला हवा. का, ते पुढे येईलच.

पटवर्धनांचा जन्म १९५० चा, मुंबईचा. अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धन हे स्वातंत्र्यलढ्यातले दोन मोठे नेते त्यांचे काका. शिक्षण आधी मुंबईत, मग अमेरिकेत समाजशास्त्राचं. परत आल्यावर काही काळ मध्य प्रदेशात होशंगाबादकडे ‘किशोर भारती’ या संस्थेत काम. १९७४ मध्ये बिहारात जयप्रकाशजींचं आंदोलन पेटलं, तेव्हा मागून आणलेल्या साध्या सुपर एट कॅमेऱ्यावर त्यांनी शूटिंग केलं. तीच ‘क्रांती की तरंगें’. वर्षभरात आणीबाणी लागली. फिल्म लपवावी लागली आणि तिचे तुकडे करून ते वेगवेगळ्या मार्गांनी देशाबाहेर न्यावे लागले. कॅनडात शिकायला गेल्यावर पटवर्धनांनी ते पुन्हा जोडले.

म्हणजे पहिल्याच फिल्मला हा माणूस शिकला की ती बनवणं हे निम्मं काम आहे, उरलेलं निम्मं ती जिवंत ठेवणं. फिल्म सांभाळायची, नेऊन पोचवायची, पुन्हा जोडायची, हे सगळं निर्मात्याचंच काम.

१९८१ ची ‘अ टाइम टु राइज’ ही कॅनडातल्या शेतमजुरांवरची फिल्म तिथल्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी झाली. तो अपवाद सोडला तर पुढचा रस्ता बहुतांशी स्वतःच्या खर्चाचा: आधीच्या फिल्मच्या प्रती विकायच्या आणि त्यातून पुढचीचं बघायचं. यात पैसा कमी आणि हेलपाटे जास्त. पण एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे वेळ.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे दर दोन आठवड्यांनी स्प्रिंट संपतो आणि काहीतरी रिलीज करावंच लागतं. अशा माणसाला ‘जय भीम कॉम्रेड’चं वेळापत्रक वेडेपणाचं वाटेल. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत आयुष्य संपवलं. पटवर्धनांनी काम सुरू केलं आणि फिल्म पूर्ण झाली २०११ मध्ये.

चौदा वर्षं.

चॅनेलवाल्याने चौदा वर्षं दिली नसती. अनुदान देणाऱ्या संस्थेने तिसऱ्या वर्षी अहवाल मागितला असता. आता विचार करा, हीच फिल्म १९९८ मध्ये ‘संपली’ असती तर काय झालं असतं? गोळीबार, अंत्ययात्रा, संताप, एवढंच हाती आलं असतं. थांबल्यामुळे तिच्यात न्यायालयाची रेंगाळलेली वाट आली, गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये झालेली जन्मठेप आणि नंतर मिळालेला जामीन आला, भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी आलं, चळवळीतल्या नेत्यांनी बदललेले पक्ष आले आणि कबीर कला मंचाच्या शीतल साठेचा आवाज आला. आधी ती एका घटनेची फिल्म होती. वेळ गेल्यामुळे विसरणं ही काय चीज आहे, याचीही झाली.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. विलास घोगरे पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’मध्ये गायले होते. मुंबईतल्या झोपडपट्ट्या पाडण्यावरची ती फिल्म १९८५ ची. त्या वेळी हा शाहीर पुढे दुसऱ्या फिल्मच्या केंद्रस्थानी येईल, हे कोणाला माहीत असणार? पण फुटेज जागेवर होतं, आणि ते ज्याचं होतं त्याला ते आठवत होतं. २०२३ च्या ‘वसुधैव कुटुंबकम’चंही तसंच. म्हातारे होत चाललेल्या आईवडिलांचं घरातल्या घरात केलेलं चित्रण वर्षानुवर्षं साठत गेलं आणि दोघंही गेल्यावर त्याची फिल्म झाली. आई निर्मला सिंधमधली, मातीची भांडी घडवणारी, वडील बाळू. घरगुती गप्पांतून फाळणी आणि स्वातंत्र्यलढा असा सहज येतो की इतिहासाचा तास वाटतच नाही. दोन्ही फिल्मचं भांडवल एकच, जपून ठेवलेलं चित्रण.

दुसरा निर्णय नाही म्हणण्याचा. ‘जंग और अमन’ ही अण्वस्त्रांच्या शर्यतीवरची फिल्म २००२ मध्ये आली तेव्हा सेन्सॉर बोर्डाने २१ कट मागितले. पटवर्धन मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये एकही कट न देता प्रमाणपत्र मिळवलं. ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ १९९५ ची. ती दाखवायला दूरदर्शन तयार नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये निकाल पटवर्धनांच्या बाजूने लागला. फिल्म आणि निकाल यांत अकरा वर्षं आहेत. ही चिकाटी दिग्दर्शकाची म्हणून मिरवली जाते. पण दिग्दर्शक फिल्मचा मालक नसेल तर त्याच्या नाही म्हणण्याला अर्थ उरत नाही. दुसरा कोणी निर्माता असता तर त्याने २१ कट मुकाट्याने देऊन पैसे मोकळे केले असते, आणि व्यवहार म्हणून त्याला दोषही देता आला नसता.

तिसरा निर्णय, आधी कोणाला दाखवायची. ‘जय भीम कॉम्रेड’ मुंबईत उघड्यावर दाखवली गेली ती भायखळ्याच्या बीआयटी चाळीत. ज्यांची गोष्ट त्यांच्याच अंगणात पडदा. ‘हमारा शहर’मध्ये एक प्रसंग आहे. फुटपाथवरची एक बाई कॅमेऱ्यावर चिडते. तुम्ही आमचे फोटो काढून नाव कमावणार, आमचं काय होणार, असा तिचा सूर आहे. पटवर्धनांनी ते कापलं नाही. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामात सगळ्यात प्रामाणिक जागा हीच. तो प्रश्न फिल्ममध्ये राहतो आणि पुढच्या प्रत्येक फिल्मला लागू होतो.

त्यांची विचारण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. ‘राम के नाम’मध्ये १९९० च्या रथयात्रेच्या दिवसांत ते रस्त्यावरच्या तरुणांना विचारतात की राम नेमका कधी जन्मला. प्रश्न ओळभराचा, आवाज साधा. मग कॅमेरा नुसता थांबतो आणि उत्तर देणारा गडबडतो. आपल्याकडच्या माणसाला ही पद्धत नवी वाटायला नको. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात हेच करायचे. प्रवचन झोडण्याऐवजी समोरच्यांना सोपे, अडाणी वाटणारे प्रश्न टाकायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. फरक असा की बाबांच्या प्रश्नांवर जो अडकायचा तोच आधी हसायचा. पटवर्धनांच्या फिल्ममध्ये बऱ्याचदा पडद्यावरचा माणूस अडकतो आणि हसतो थिएटरातला प्रेक्षक.

माझी मुख्य तक्रार इथेच आहे. त्यांची संकलनाची कात्री विरोधकाला बोलायला वेळ देते, पण विचार बदलायला जागा क्वचितच देते. ‘विवेक’ (२०१८) मध्ये हे जास्त जाणवतं. दाभोलकर आणि पानसरे यांच्या खुनांपासून सुरू होणारी, साडेतीन तासांच्या वर जाणारी ही फिल्म ॲमस्टरडॅमच्या इडफा महोत्सवात सर्वोत्तम ठरली. पटवर्धनांनी ती भाग पाडून यूट्यूबवरही टाकली, म्हणजे फोनवर बघणाऱ्यांची सोय केली. ती बघताना मी हललो. पण माझ्या शेजारी न पटणारा कोणी बसला असता तर पहिल्या अर्ध्या तासात उठून गेला असता असंही वाटलं. जिथे निवेदकाचा आवाज कमी, तिथे फिल्म जास्त दूर जाते. अयोध्येतले पुजारी लालदास ‘राम के नाम’मध्ये शांतपणे दोन गोष्टी सांगतात, त्यांची ताकद निवेदनाच्या पानभर मजकुरात नाही. १९९३ मध्ये त्यांचा खून झाला. आज ती दृश्यं बघताना हे ठाऊक असतं, आणि निवेदनाची गरजच उरत नाही.

आता आपल्याकडे येऊ. पटवर्धनांचा कॅमेरा मुंबई, पाटणा, पंजाब, अयोध्या, नर्मदेचं खोरं, पोखरण असा फिरला. वऱ्हाडातला कापूस मात्र त्यांचा मुख्य विषय कधी झाला नाही. ही तक्रार नाही, एका माणसाने किती करायचं? पण मग आपली गोष्ट कोणी केली?

२००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. तेव्हा बाहेरच्या कॅमेऱ्यांची रीघ लागली होती. त्या काळातून दोन चांगल्या डॉक्युमेंटरी निघाल्या. पी. साईनाथ यांच्यासोबत फिरणारी दीपा भाटिया यांची ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) आणि नंदन सक्सेना-कविता बहल यांची ‘कॉटन फॉर माय श्राउड’ (२०११). पहिलीच्या नावामागे साईनाथांचा प्रश्न आहे. नीरोने मेजवानीत उजेडासाठी माणसं जाळली. ते बघत जेवणारे पाहुणे कोण होते? मुंबईत फॅशन वीकला पाचशेच्या वर पत्रकार आणि तेव्हाच विदर्भातल्या आत्महत्यांसाठी मोजून सहा, ही त्यांची तुलना ऐकली की आजही घास अडकतो.

दोन्ही फिल्म मी मानतो. पण दोन्हींत आपण बघितले गेलो. संकट शिखरावर असताना कॅमेरा आला आणि फिल्म झाल्यावर गेला. ज्या घरात तेव्हा बाप गेला, त्या घरातली पोरं आज माझ्या वयाची आहेत. कोणी पुण्यात कोडिंग करतंय, कोणी अकोल्यात कृषी केंद्र चालवतंय, कोणी तीच जमीन पुन्हा पेरतंय. या वीस वर्षांची फिल्म कुठे आहे? तिला संकटाच्या बातमीचा निर्माता चालणार नाही, थांबणारा लागेल.

कॅमेऱ्याची अडचण आता राहिलेली नाही. पटवर्धनांनी १९७४ मध्ये मागून आणलेल्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला कॅमेरा आज आपल्या खिशात आहे. बोंडअळीने पोखरलेलं बोंड, गारपिटीने झोपलेली संत्र्याची बाग, जिनिंगसमोर उभ्या गाड्यांची रांग, सगळ्याचं चित्रण होतं. रील होते, स्टेटस होतो आणि चोवीस तासांत उडतो. कमतरता आहे ती निर्मात्याच्या त्या तीन निर्णयांची. फाइलला तारीख आणि गावाचं नाव देऊन दोन ठिकाणी जपून ठेवणारा कोण? ‘हे काढून टाका’ म्हटल्यावर मालकी दाखवणारा कोण? आणि ज्या आजीला शूट केलं तिच्या ओसरीवर चादर ताणून आधी तिलाच दाखवणारा कोण? या कामात फार पैसा लागत नाही. लागतो तो कंटाळा न करण्याचा स्वभाव, आणि तो एखाद्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये किंवा गावच्या वाचनालयात सापडूही शकतो.

विलास घोगरेंचं १९८५ चं गाणं २०११ मध्ये कामाला आलं, कारण कोणीतरी ते टाकून दिलं नव्हतं. आपल्या गावातल्या या वर्षीच्या पेरणीचं चित्रण कोणाच्या तरी फोनमध्ये आहेच. ‘स्टोरेज फुल’ असा मेसेज आल्यावर तो आधी काय डिलीट करतो, यावर पुढची फिल्म अवलंबून आहे.